जीवरामभाऊंचं हनिसकल

सदर इसम जीवराम झुलाल चौधरी, वय वर्षे एकसष्ट, राहणार तालुका बोदवड, जिल्हा जळगाव, हे सुगंधी केशतेलाचे उत्पादक, गुणवत्ता नियंत्रक व विक्री प्रमुख असून त्यांच्या आस्थापनेत एकूण मनुष्यबळ दोन आहे. दुसरं मनुष्यबळ म्हणजे त्यांच्या पत्नी मंजुळाबाई.

गुणवत्ता नियंत्रकांना कोरोनापासून वास येत नाही.

आधी ते मोगऱ्याचं तेल करत. नाक गेल्यावर गिऱ्हाईकही गळू लागलं, तेव्हा पुतण्या कुंदनने हनिसकलची वेल आणून दिली. कुंदन धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेला. तो म्हणाला, "काका, हिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी पिवळी पडतात. वास पांढऱ्यात. तुम्हाला डोळ्यांनी काम करता येईल."

"अन् अर्क काढला तं?"

"वाफेवर वास मरतो. म्हणून कंपन्या तो प्रयोगशाळेत जुळवतात. त्यात लिनालूल नावाचं द्रव्य असतं. ते आपल्या धन्यातही असतं."

"म्हंजे त्या महागाच्या अत्तरात धनेच हाये!"

मग जुनी रीत ठरली. तिळाचा थर, त्यावर फुलांचा थर, रोज फुलं बदलायची, तिळाने वास पुरता ओढला की घाण्यावर तेल काढायचं. वेल विहिरीच्या सावलीला लागली, तिसऱ्या वर्षी फुलली. अडचण एवढीच, की जीवरामभाऊंनी हनिसकलचा वास आयुष्यात घेतला नव्हता. ज्याचं तेल करायचं, त्याची ओळखच नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल वास. कधी, ते म्हणाले नव्हते. तेलाला वास लागला नाही तर साधं तिळाचं तेल म्हणून विकायचं, असं भाऊंनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

माघात तिळाची परात शेतातल्या खोपीत फुलं पांघरून बसली होती, आणि नेमके तेव्हाच पाहुणे भरीत खायला आले. खानदेशात भरताला कोणी वास म्हणत नाही; ती हवाच असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली, खोपीत धूर कोंडला, सगळे जेवले. तिळाला मात्र फूल आणि वांगं यांत भेद करता येत नाही. जवळ जे येईल ते तो ओढून घेतो.

घाण्यावरून तेल आलं तेव्हा मंजुळाबाईंनी नाकाशी धरलं. त्यांच्या लुगड्यालाही धुराचाच वास होता.

"कसं हाये?"

"चांगलं हाये. घरचंच वाटते."

बोदवडच्या बाजारात पहिली बाटली बेबाबाईंनी उघडली. बेबाबाई भाऊंच्या तेलाशी एकनिष्ठ. नाक गेल्यानंतरही टिकलेल्या थोड्यांपैकी. थेंब मनगटावर चोळून त्यांनी हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"भाऊ, हे डोक्याले लावू का भाकरीसंगं खाऊ?"

आजूबाजूच्या बाया जमल्या. बाटली हातोहात फिरली.

"बेबाअक्का, मिरची घे वं याच्यात!"

"लसूण राह्यला, लसूण!"

भाऊंनी बाटली ओढून घेतली, तळहातावर तेल ओतलं आणि निव्वळ लाज झाकायला म्हणून हात नाकाशी नेला. तो तिथेच राहिला.

"धूर," ते म्हणाले. "मले धूर येऊ राह्यला!"

"आम्हाले कव्हाचा येऊ राह्यला," बेबाबाई म्हणाल्या.

"नाही वं अक्का, मले!" भाऊंनी पुन्हा हुंगलं, डोळे मिटून. "जळकी साल... वांग्याची. अन् थांब, त्याच्याखाले अजून कायतरी हाये. गोड. बारीक. मधासारखं."

बेबाबाईंनी आपलं मनगट पुन्हा नाकाशी नेलं. या वेळी हसल्या नाहीत.

"हाये खरं. तेच तुमचं फूल असन."

"तेच असन," भाऊ म्हणाले, आणि सूर्य मावळेपर्यंत एकेका बाटलीचं बूच काढून हुंगत बसले.

त्या दिवशी एकही बाटली खपली नाही.