चावटपणा आम्हालाही कळतो

शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर मोठ्या बोटीतून गाड्या उतरू लागल्या, की खाऱ्या वाऱ्यात डिझेलचा, उन्हाच्या क्रीमचा आणि नुकत्याच फोडलेल्या बिअरचा मिसळलेला वास येतो, आणि मागोमाग खिडकीतून अर्धी बाहेर आलेली, आरोळ्या ठोकणारी कॉलेजची पोरं दिसतात. तारुण्याचा तो उन्मुक्त, निर्लज्ज उत्सव पाहून मला दर वेळी हसू येतं. अशा पोरांच्या सहलींवर निघणारे चावट सिनेमेही मी आवडीने बघते. पन्नाशीच्या बाईला हे शोभतं का, म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल, तर खुशाल मुरडावं!

माझं दुखणं निराळं आहे. त्या सिनेमांत प्रवास नेहमी शहरातले तेच चौघे करतात आणि आम्ही त्यांना नुसते वाटेत लागतो. आम्ही म्हणजे कोण? चुकीचा रस्ता सांगणारा म्हातारा, कोयता घेऊन अंगावर धावणारी बाई, आणि ‘हाय-न्हाय’ एवढंच बोलून प्रेक्षकांना हसवणारी एखादी सावळी पोर. इथल्या मुलींना गाडी काढून कुठे उंडारावंसं वाटत नाही की काय? त्यांच्या देहाला वसंत आणि जिभेला खट्याळपणा ठाऊकच नाही, असं या मंडळींना सांगितलं तरी कुणी?

मागे किहीमला असाच एक सिनेमा चित्रित होत होता. माझी भाची प्रणाली अलिबागच्या कॉलेजात एकांकिका गाजवणारी. तिला त्यात छोटंसं काम मिळालं. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, हरखून गेली आणि पोरीचं तोंड पडद्यावर दिसणार हे तिने उभ्या गावाला सांगितलं. मीही कौतुकाने शूटिंग बघायला गेले. पोरांची गाडी वाळूत रुतलेली, नायक प्रणालीला एक चावट प्रश्न विचारतो, आणि तिने तो न कळून आ वासून बघत राहायचं, एवढाच प्रसंग. सगळा विनोद तिच्या न कळण्यात!

आता आमच्या आगरी घरांत हळद लागते, तेव्हा मांडवातल्या बायका नवरदेवाला आणि त्याच्या मामांना गाण्यांतून जे काही ऐकवतात, त्यापुढे हे सिनेमे म्हणजे बालवाडी. त्या मांडवात लहानाची मोठी झालेली मुलगी चावट विनोदाला आ वासेल? मला रागही आला आणि कीवही आली.

प्रणालीने नायकाचं वाक्य संपूही दिलं नाही. खळखळून हसत ती म्हणाली, “आरं, वालूत रुतलेली गारी तुला काराला जमत न्हाय, नि मना काय इचारतस?”

नायकासकट सगळे पोट धरून हसले. दिग्दर्शकही हसला, आणि मग डोळे पुसत समजुतीच्या सुरात म्हणाला, “मस्त! पण सीन तुझा नाहीये ना. तू फक्त आ वासून बघ.”

“ज्या मना कलतं, त्या कलत न्हाय असा मी दाखवनार न्हाय,” प्रणाली म्हणाली, आणि त्यांनी नेसवलेली साडी परत करून चालू लागली.

घरी बहीण कडाडली, “डोका फिरलाय का तुजा? दारान आलेला काम लाथारलास!” मी भाचीच्या बाजूने उभी राहिले. त्यानंतर तिला कुणीही बोलावलं नाही, हेही सांगायला हवं. बहीण कित्येक दिवस आम्हा दोघींशी तुटक वागत होती.

सिनेमा लागला, तेव्हा आम्ही तिघी बघायला गेलो. प्रणालीच्या जागी कुणी दुसरीच मुलगी आ वासून उभी होती आणि लोक हसत होते. बहीण लेकीचा हात घट्ट धरून म्हणाली, “बरा झाला, तया पडद्याव तुजा तोंड न्हाय. ऊठ, घरा जाव.”

“बस गो आये,” प्रणाली म्हणाली. “पुरा बघू दे. आपलाबी पिक्चर काराचा हाय मना.”

आणि पडद्यावरच्या पुढच्या चावट विनोदाला ती सगळ्या थिएटरच्या आधी हसली.