आबांनी ऐकलेली नोटीस

त्या दुष्काळात शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूला उठणाऱ्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव असायचा आणि आमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात आंघोळीला अर्धी बादली. शेवटी टँकरही पुरेना, तेव्हा मुलींना गावी पाठवलं. त्या पोहोचतात न पोहोचतात तोच वरून आदेश आला: पाणी आणखी आटायच्या आत, येत्या सोमवारीच तोंडी परीक्षा उरका.

विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्याकडे होता, कारण मी सगळ्यांत नवी, तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका. विभागप्रमुख सरांनी नोटीस दिली. ‘सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की…’, खाली सही-शिक्का. फोटो काढून ग्रुपवर टाका म्हणाले, टाकला.

पण एक मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. तिचं अख्खं घर मेंढरं घेऊन चाऱ्यामागे गोदाकाठी गेलेलं. ग्रुपवरचा तिचा नंबर म्हणजे वडिलांचा फोन. तो दिवसभर त्यांच्याबरोबर माळावर, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. ही परीक्षा बुडली असती तर तिला पुन्हा शहरात कोणी धाडलं नसतं; सोयरीक बघणं सुरूच होतं.

मी ग्रुपवर बोलून टाकायला मोबाईल तोंडाशी धरला. “ऐका बरं. तोंडी परीक्षा ह्याच सोमवारी हाय, सकाळी. पुन्हा होणार नाय. फोन ज्यांच्या हातात असंल त्यांनी पोरीला आजच सांगा.”

ही माझ्या आईची बोली. हर्सूलच्या पलीकडच्या खेड्यातून आले तेव्हापासून मी ती विद्यापीठात लपवत आले होते.

सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “मॅडम, हे विद्यापीठ आहे, आठवडी बाजार नाही. काढून टाका ते.”

“नाही काढणार, सर.”

तासिकेवरच्या बाईनं असं बोलायचं नसतं, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण राग आला होता, आणि तो खरा होता. नोटीस कोणासाठी लिहितो आपण, शिक्क्यासाठी?

सोमवारी ती आली. मुकुंदवाडी स्टेशनवर उतरून, तिथून रिक्षानं, धुळीनं माखलेल्या पायांनी. सरांनी पहिलाच प्रश्न विषयाबाहेरचा विचारला, “नोटीस वाचली होतीस ना?”

“नाय सर. आबांनी ऐकली. मंग शेजारच्या पालांवर पण लावून दाखवली, म्हणले, बघा, म्याडम आपल्यावानी बोलत्यात.”

सर कागद चाळत राहिले. मग त्यांनी तिला विषयातलं विचारलं आणि तिनं धडाधड उत्तरं दिली.

ती गेल्यावर मला म्हणाले, “संध्याकाळपर्यंत तो आवाज ग्रुपवरून जायला हवा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या तासांचं मला बघावं लागेल.”

“बघा सर,” म्हटलं.

संध्याकाळी गेटाबाहेर उभी राहिले, भर रस्त्यावर, आणि त्याच ग्रुपवर बोलायला मोबाईल उचलला.

“ऐका बरं. पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू होणार हायत. आबा, पोरीला पाठवा.”