चौदा नंबरचं उत्तर

"रोज जेवली हाय भाऊ तुमची पोरगी. बघा की, कम्प्युटरच सांगून राहिलाय."

रेक्टरबाईंनी लॅपटॉप फिरवून समोरच्या माणसाकडे केला. तो देगलूरचा टेलर, चौदा नंबरच्या कॉटवरच्या मुलीचा बाप. मुलगी दुपारी क्लासच्या जिन्यात चक्कर येऊन पडली होती आणि आता दवाखान्यात सलाईनवर होती. मी दाराशी उभी होते. मेसच्या हजेरीचा प्रोग्राम मी लिहिलेला, म्हणून फाइल उघडून द्यायला मला बोलावलं होतं.

मी नांदेडची. लातूरला कॉलेजात कम्प्युटर शिकायला आलेली. हॉस्टेलमधल्या बाकीच्या मुली डॉक्टरकीच्या क्लासच्या. पायथन ही प्रोग्रामची भाषा नुकतीच शिकू लागले होते. बाईंना मेसची हजेरी हवी होती, मी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारं एक साधं लूप लिहून दिलं. संध्याकाळी मी मेसच्या दाराशी लॅपटॉप घेऊन बसायचं. मुलीने आपल्या कॉटचा नंबर टाकायचा, मग 'हो' किंवा 'नाही', मग पुढची मुलगी. हे सगळं एका डिक्शनरीत जमा व्हायचं. डिक्शनरीत नंबर ही किल्ली, आणि एका किल्लीला एकच उत्तर राहतं. तोच नंबर पुन्हा टाकला की नवं उत्तर बसतं, जुनं जातं. खूणसुद्धा उरत नाही. हे मी बाईंना सांगितलं होतं. "शेवटचं कळलं की बास झालं," त्या म्हणाल्या होत्या. मग त्या दिवसाची डिक्शनरी मी तारखेखाली ठेवून द्यायची.

"ओ इंजिनिअर, माझं 'हो' टाक गं, हात खरकटे हायत!" मुली आतून ओरडायच्या. चौदा नंबर मात्र स्वतः टाकायची. क्लासने मार्क कमी पडले म्हणून वरच्या बॅचमधून खाली काढल्यापासून ती 'नाही' टाकू लागली. पहिल्या दिवशी बाईंनी ते पाहिलं.

"नखरे नकोत. जा, खाऊन ये."

ती आत गेली, भरल्या ताटासमोर बसून राहिली, परत येऊन तिने 'हो' टाकलं. मग रोज तसंच. ती माझ्याकडे बघायची नाही. मी तिच्या मनगटांकडे बघायचे. बांगड्या पार कोपराकडे सरकायला लागल्या होत्या.

टेलर स्क्रीनवर बोट ठेवून वाचत होता. प्रत्येक तारखेला चौदापुढे 'हो'.

"मग चक्कर कशानं आली, मॅडम?"

"जागरणं करतेत पोरी. सलाईन संपली की परवाच्या टेस्टला बसवा तिला. मागं पडंल नाहीतर."

त्याने मान डोलावली. "डॉक्टर विचारून राहिलेत, खाणंपिणं कसं हाय. बराबर हाय म्हणून सांगतो मग."

तो उठला. बाईंनी लॅपटॉप बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं, आता जा, अशा अर्थाने. शाळेतही मी विचारल्यावरच उत्तरं द्यायचे. इथे तर मला कुणी काहीच विचारलं नव्हतं. माझी कॉटही याच हॉस्टेलात होती. तो चपला घालायला माझ्याजवळ वाकला. त्याच्या सदऱ्याच्या खिशाला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते.

"चाचा, डॉक्टरांना तसं सांगू नका," मी म्हणाले. "ती रोज आधी 'नाही' टाकायची. जेवत नाहीये ती."