फ्राउ फोगेलवरचा हक्क मी सोडला, त्याची गोष्ट

चहा आधी संपवून घ्या, ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आयुष्यात एकदाच मी दानशूरपणा केला, तोही भर सभेत, जर्मन भाषेत. आणि जे दान केलं ते माझं नव्हतंच!

झालं असं. आम्ही श्टुटगार्टला राहतो, मी जवळच्या गेर्लिंगेनला एका कारखान्यात इंजिनियर. आमची सई तिसरीत, शहरातल्याच एका छोट्या, पालकांनी मिळून चालवलेल्या शाळेत. एकदा ती डबा विसरली म्हणून द्यायला गेलो आणि वर्गाच्या काचेतून पाहिलं, तर सईच्या शेजारी खुर्ची टाकून एक बाई बसलेल्या. वर्गशिक्षक हेर ब्रांट, म्हणजे ब्रांट सर, फळ्यापाशी, आणि या फ्राउ फोगेल, म्हणजे फोगेल बाई, सईला चिकटून. नंतर मुद्दाम परत जाऊन पाहिलं, तेव्हाही तेच. पलीकडे अजून कोण बसलंय हे बघायचं मला सुचलंच नाही.

आता तुम्ही सगळी पुण्यात शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा. बाई एखाद्या मुलाच्या शेजारी येऊन बसतात त्या कशासाठी? मूल ढ असतं म्हणून. घरी येऊन हे सगळं सांगितलं.

"अरे, सईला सरळ विचार ना," माझी बायको मेधा म्हणाली.

"विचारून तिचं मन दुखवू? आपणच घरी तयारी करून घेऊ."

मग रोज संध्याकाळी पाढे सुरू. सई धडाधड म्हणायची, आणि वर "बाबा, वारुम?" असं विचारायची. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र जर्मनमध्ये. का म्हणजे काय? बापाच्या अब्रूसाठी, दुसरं काय.

अशात एल्टर्नआबेंड आला, म्हणजे आपली पालकसभा. पोरांच्या खुर्च्यांवर सगळे बसलेले, गुडघे हनुवटीला. हेर ब्रांट म्हणाले, "शाळेत माणसं कमी पडतायत. दुपारच्या गृहपाठाच्या वर्गावर कोणीच नाही. फ्राउ फोगेलना तिकडे पाठवावं लागेल, म्हणजे इथले त्यांचे तास कमी होतील. पालकांचं काय म्हणणं आहे?"

पुढच्या रांगेतल्या एक बाई काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी उठलो. मेधाने शर्ट ओढला. पण पोरीवरचा शिक्का पुसायचा आणि वर मोठेपणाही मिळवायचा, अशी संधी परत कुठे मिळणार होती?

"आल्झो," मी खाकरून सुरुवात केली, "आमच्या कुटुंबातर्फे मी जाहीर करतो, की फ्राउ फोगेल यांची मदत आम्ही स्वखुशीने सोडतो. त्यांना खुशाल पाठवा. आमचं आम्ही घरी बघून घेऊ."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, भारावले.

पुढच्या रांगेतल्या त्या बाई मागे वळल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्ही काय सोडताय? त्या माझ्या एमिलसाठी आहेत."

मग हेर ब्रांटनी समजावून सांगितलं. एमिलला कानात मशीन लावूनही फार कमी ऐकू येतं. वर्गात जे बोललं जातं ते फ्राउ फोगेल त्याला हातांच्या खुणांनी सांगतात. त्या नसल्या तर त्याला दिसतात ती नुसती हलणारी तोंडं.

"आणि सई?" मी विचारलं.

"सईने ती जागा मागून घेतलीय. तिला खुणा शिकायच्या होत्या. आता फ्राउ फोगेल जरा बाहेर गेल्या, की सईच त्याला सगळं सांगते."

खरं सांगतो, अभिमानाने ऊर भरून आला, आणि त्याच वेळी त्या बाईंकडे बघायची हिंमत होईना. जिला ढ समजून मी पाढे घोकायला लावत होतो, ती कोणाला न सांगता एक अख्खी भाषा शिकत होती. आणि तिच्या मित्राची मदत तिच्या बापाने उदारपणे वाटून टाकली होती.

मी परत उठलो. या वेळी खुर्चीही माझ्याबरोबर उठली. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं.

"फ्राउ फोगेलना इथून हलवू नका," मी म्हणालो. "गृहपाठाच्या वर्गावर शुक्रवारी मी येतो. ऑफिसचं माझं मी बघतो."

मग एका पालकाने सोमवार घेतला, दुसऱ्याने मंगळवार, आणि मेधाने माझ्याकडे न बघता बुधवार. गुरुवार एमिलच्या आईने घेतला आणि डोळे पुसले. फ्राउ फोगेल एमिलजवळच राहिल्या.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी तो वर्ग घेतो, आणि अगदी मन लावून घेतो. सई आणि एमिलही त्यात असतात. परवा भागाकार समजावत होतो, फळा भरून, कारखान्यातली उदाहरणं देत. बाकीची पोरं चुळबुळ करत होती. एकटा एमिल माझ्याकडे इतक्या शांत, प्रसन्न चेहऱ्याने बघत होता की मलाच भरून आलं. घरी जाताना मी सईला म्हटलं, "बघ, एमिल कसा तल्लीन होऊन ऐकतो माझं."

सई थांबली. बापाला नीट कळावं म्हणून असेल, पण त्या दिवशी ती चक्क स्वच्छ मराठीत बोलली.

"बाबा, तू शिकवायला लागलास की तो कानातलं मशीन बंद करतो."