एकवीस चौकोन
परवा कपाट आवरताना आलेखाचा एक पिवळा कागद हाती आला आणि ठाण्यातले ते चर्चासत्र आठवले. विषय होता इजिप्तच्या उत्तरकाळातील थडगी आणि मंदिरे. जुने चित्रकार उभी आकृती अठरा चौकोनांत बसवीत, उत्तरकाळातले एकवीस, असे सांगून मी पडद्यावरची, आखणीचे चौकोन अजून दिसणारी एक अर्धवट रंगवलेली भिंत ठामपणे जुनी ठरवली. तेवढ्यात वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातले एक निवृत्त ड्राफ्ट्समन मागच्या रांगेतून उठले. "सर, मग मोजा की हे चौकोन!" "इतक्या लांबून दिसतात तुम्हाला?" मी टोमणा मारला. "आयुष्यभर रेघाच मारल्यात हो!" सभागृह हसले. ते पुढे येऊन पडद्यावर बोट ठेवून मोजू लागले. चौदाव्यापासून सारी सभा त्यांच्याबरोबर मोठ्याने मोजत होती. एकवीस! टाळ्यांचा कडकडाट झाला. भिंत आमच्या डोळ्यांदेखत कित्येक शतके अलीकडे आली होती. जाताना त्यांनी ती आकृती या कागदावर आखून दिली. छापील निबंधात मात्र मी "मोजणीअंती आढळले" एवढेच लिहिले; नाव ठाऊक नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आज पाहतो तर कोपऱ्यात, त्यांच्या व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे, 'आखणारा' यापुढे त्यांचे नाव सुवाच्य लिहिलेले आहे. 'तपासणारा' यापुढची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.