बावीस हजर

चिखल्याच्या खाणीकडून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावर एक बंद पडलेलं मनोरुग्णालय आहे, आणि त्या बंद रुग्णालयात एक माणूस अजून ड्यूटीवर आहे. ताराचंद पटले, वॉर्ड अटेंडंट. अकरा वर्षांपूर्वी तिथले बावीस रुग्ण बसमध्ये बसून नागपूरला गेले, डॉक्टर मागच्या जीपमध्ये गेले, खुर्च्यासुद्धा ट्रकवर चढून गेल्या. ताराचंदला मात्र कोणी काही सांगितलं नाही. पगार येत राहिला, म्हणून तोही आवारातल्या क्वार्टरमध्ये बायकोपोरीसकट राहत राहिला.

घोटाळा फक्त चारच्या हजेरीचा होता. हजेरीच्या रजिस्टरात दोनच शेरे चालतात, हजर किंवा फरार. फरार लिहिलं की त्याच दिवशी ठाण्यात रिपोर्ट द्यायचा. बस गेली त्या दिवशी चार वाजता ताराचंद रिकाम्या वॉर्डात उभा राहिला, त्याने एक नंबर पुकारला, आणि उत्तर येईना. आता एकदम बावीस माणसं पळाली म्हणून ठाण्यात जायचं, तर ठाणेदार आधी आपल्यालाच बसवून ठेवणार. सरकारने नेलं म्हणावं, तर नेल्याचा कागद हातात नाही. शेवटी त्याने घसा खाकरला आणि स्वतःच म्हटलं, "हजर."

पण तीन नंबर कधी इतक्या ठणठणीत आवाजात बोललेला नव्हता. म्हणून तिसऱ्याला रडका आवाज दिला, नवव्याला खर्जातला. चौदा नंबर तर 'हजर' म्हणायचाच नाही. "जेवून राहिलो जी," म्हणायचा, ताटाचा पत्ता नसताना. ताराचंदने त्याचंही तसंच ठेवलं. रोज चारला बावीस हाका, बावीस उत्तरं, खाली सही. अकरा वर्षांत एकही खाडा नाही.

रत्नाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे ठाऊक होतं. चार वाजले की ती रेडिओ मोठा करायची.

इकडे मोहफुलं वेचायला येणाऱ्या बायांनी गावात सांगितलं की पागलखान्यात भुतं बोलतात. ताराचंदला या बातमीचा भारी राग. मी दिवसभर तिथेच असतो, मला कशी नाही ऐकू आली?

राग गिळून चाललं असतं, पण पोरीचं लग्न आडवं आलं. सिहोऱ्याच्या वासुदेवराव रहांगडालेंच्या भुपेंद्रला रुचिका पसंत होती आणि रुचिकालाही भुपेंद्र. वासुदेवरावांनी मात्र निरोप धाडला: पोरगी गुणाची आहे, पण भुताच्या घरातली सोयरीक घरच्या बाया करू देत नाहीत.

"मंग भूत नाही असा दाखलाच आणतो," ताराचंद म्हणाला.

"कोण देते असा दाखला? तहसीलदार?" रत्नाबाईने विचारलं.

दाखला देणारे रुचिकाने मोबाइलवर शोधले. विक्की आणि कामिनी, नागपूरचे, भुतांचा शास्त्रीय तपास करणारे. विक्कीने फोनवर सांगितलं, "काका, रात्री बाराला सुरू करू."

"भेटीची वेळ अकरा ते पाच आहे. पाटीवर लिहून आहे."

"भूत दिवसा निघत नाही काका."

"मंग त्याची तुमची भेट नाही होणार जी."

शेवटी ते सकाळी अकरालाच आले. दाखला हातोहात द्यावा म्हणून ताराचंदने वासुदेवरावांनाही साडेचारला बोलावून ठेवलं. पाहुणे येणार म्हणून रत्नाबाईने आदल्या दिवशी सगळा वॉर्ड फिनाइलने धुतला होता आणि दारात रांगोळी घातली होती. कामिनी यंत्र घेऊन कोपरे हुंगत फिरली. "काकू, एखादं जाळं तरी ठेवायचं," ती कळवळून म्हणाली.

तीनपर्यंत काही निघालं नाही. ताराचंद खुशीत आला. विक्कीने आवाज टिपायचं यंत्र वॉर्डातल्या खिडकीत ठेवलं आणि दोघं क्वार्टरमध्ये रत्नाबाईच्या हातचं जेवायला बसले. चारला ताराचंद उठला. "तुमी जेवा जी, मी आलोच एक काम करून." रत्नाबाईने मुकाट्याने रेडिओ मोठा केला.

साडेचारला वासुदेवरावांची मोटारसायकल आली. विक्कीने खिडकीतलं यंत्र आणून त्यांच्यासमोरच सुरू केलं. यंत्रातून आधी न कळणारी पुटपुट, मग रडका आवाज आला, "हजर." मग एक खर्जातला.

ताराचंदने यंत्राला कान लावला. स्वतःचा आवाज माणसाला यंत्रात ओळखू येत नाही. त्याला वाटलं, म्हणजे बाया खरं बोलत होत्या, रुचिकाचं लग्न गेलं. तेवढ्यात यंत्र म्हणालं, "जेवून राहिलो जी," आणि त्याला कळलं की हा आपला चौदा नंबर.

यंत्र शेवटच्या उत्तरापर्यंत वाजलं. "काका, सापडलं," विक्की हर्षाने म्हणाला. "एक नाही, बावीस."

ताराचंदने रत्नाबाईकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली: सांगून टाका.

"भूत नाही, मीच आहो," तो म्हणाला, आणि रजिस्टर, फरार, ठाणं, सगळं सांगून मोकळा झाला.

कामिनी हळूच म्हणाली, "काका, भूत नाही असं लिहिते मी. पण मग आवाज कोणाचा, तेही लिहावं लागेल. ते सोयऱ्यांना जास्त जड जाईल."

सगळे वासुदेवरावांकडे पाहू लागले. एका पारड्यात भुताचं घर, दुसऱ्यात पागल व्याही. वासुदेवराव मात्र यंत्राकडे पाहत होते.

"तो जेवणारा पुन्हा लावा," ते म्हणाले.

विक्कीने लावला.

"हा आमचा श्रीराम काका आहे," वासुदेवराव म्हणाले. "भंडाऱ्याले नोकरीवर आहे म्हणून आमी गावात सांगत होतो. घरीबी असाच बोले. कोणी हाक मारली का, जेवून राहिलो." मग म्हणाले, "दोन वर्सं झाली त्याले वारून. नागपूरलेच गेला."

ताराचंद ओशाळला. रजिस्टर पुढे करून म्हणाला, "मले तसा कागद नाही आला जी. तुमी म्हणत असाल तर नाव कापतो."

वासुदेवरावांनी चौदा नंबरच्या ओळीवरून बोट फिरवलं. अकरा वर्षांच्या सगळ्या चौकटीत 'हजर'.

"कागद नाही आला तर कायले कापता," ते म्हणाले. "राहू द्या."

दाखला कामिनीने तिथेच लिहिला: भूत आढळले नाही, सर्व हजर. ताराचंदला त्यावर शिक्का पाहिजे होता. कपाटात एकच सापडला, 'आहार तपासला'. तोच मारला.

सोयरीक जुळली. सिहोऱ्याच्या भटजींनी सकाळचा मुहूर्त काढला होता, तो वासुदेवरावांनी बदलून संध्याकाळचा गोरज धरला. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाले, "नवरीच्या बापाले चारची ड्यूटी आहे. मलेबी तिकडची हजेरी ऐकून त्याच्याच संग यायचं आहे."