कपड्यांवरचा सोनचाफा

परवा पनवेलच्या बाजारात फुलवालीने सोनचाफा पुढे केला आणि मला आमच्या आपटा गावची नदी आठवली. दहावीत मी आणि माझी मैत्रीण कुंदा शिवणक्लास बुडवून तिथे पोहायचो. एकदा पाण्यातून वर आलो, तर काठावरच्या आमच्या कपड्यांवर सोनचाफा ठेवलेला. म्हणजे कुणीतरी बघत होतं. आम्ही जागा बदलली, तरी फूल असायचंच. घरी सांगूया म्हटलं, तर कुंदा म्हणाली, "सांग, म्हंजी दोघींची शाळा बंद."

एकदा फूल टाकवेना, म्हणून तिने ते घरी देवाला वाहिलं. मी शेजारीच उभी होते. तिच्या आईने विचारलं, "आपल्या दारात चाफा नाय. कोनी दिला गो?"

कुंदा देवापुढची वात सारखी करत राहिली. माझं नावही तिने घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद झाली.

काकू चिडल्यात, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्या घाबरल्या असणार. फूल ठेवणारा तो कोण, हे कधीच कळलं नाही. परीक्षेला मी एकटीच गेले. रडूसुद्धा आलं नाही.